मॅक्रोवाल्याचं लोटांगण

चैत्रात कुसुमाच्या झाडाला तांबडी पालवी फुटली, की आंबोलीच्या रानात वाटेकडेला एखादा गृहस्थ पालथा पडलेला आढळतो. केसांत कोळिष्टकं, कोपरांना माती, आणि महागड्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशवर चिप्सचा डबा कापून केलेला डिफ्यूझर. वाटसरूला वाटतं, याला चक्कर आली असावी. बायकोला वाटतं, ती फार पूर्वीच आली. दोन्ही निदानं चुकीची आहेत. मॅक्रोवाल्याचा, म्हणजे कीटकांचे अगदी जवळून फोटो काढणाऱ्याचा, प्रत्येक चक्रमपणा भौतिकशास्त्रानं लादलेला असतो. कीटक सेन्सरवर मूळ आकाराएवढा उमटवायचा, तर फोकसमध्ये राहणारा पट्टा जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा. डोळा साधला तर मिशी सुटते. म्हणून श्वास रोखायचा आणि वाऱ्याला मनातल्या मनात शिव्या घालायच्या. बहुतेक कीटकांचं अंग बाहेरच्या उन्हानंच तापतं, त्यामुळे पहाटे ते सुस्त असतात. त्यांना साखरझोपेत गाठायचं, तर स्वतःची साखरझोप सोडणं आलं.

‘वाघ सोडून मुंगी काय टिपायची?’ असा आक्षेप सफारीवाले घेतात. पण वाघ पहिल्या नजरेलाही वाघच असतो; मुंगीचं तसं नाही. पानं शिवून घरटं करणाऱ्या तांबड्या मुंग्यांच्या आसपास हुबेहूब त्यांच्यासारखा दिसणारा एक उड्या मारणारा कोळी वावरतो. पुढचे पाय तो मिशांसारखे हलवतो. फोटो मोठा केल्यावर पाय आठ भरतात; पण तोवर ‘मुंगी’ ग्रुपवर जाऊन तिला भरघोस अंगठेही मिळालेले असतात. खुलासा करावा की अंगठे राखावेत, हे मॅक्रोवाल्याचं खरं धर्मसंकट.

या फोटोंचा विज्ञानाला उपयोग काय, हा दुसरा आक्षेप. कित्येक कीटकांची जात नुसत्या फोटोवरून ठरत नाही, सूक्ष्मदर्शक लागतो, हे खरं. पण तारीख आणि ठिकाण नोंदलेला फोटो ‘आयनॅचरलिस्ट’ या जीवनोंदींच्या संकेतस्थळावर गेला, की कोण कुठं, कधी दिसतो एवढं तरी कळतं. कीटक फ्रिजमध्ये गारठवून मॉडेलिंगला बसवणारे महाभागही या पंथात आहेत. त्यांचं समर्थन नाही, कारण त्या फोटोत कीटक असतो, पण त्याचं वागणं नसतं. बाकीच्यांना मात्र माफ करावं. पाय मोजल्याशिवाय मुंगीला मुंगी न म्हणणारी माणसं समाजात हवीतच. पाहुणे जेवायला बसले असताना मॅक्रोवाल्याच्या हाती मोबाइल लागू नये, एवढी खबरदारी घरच्यांनी घ्यावी.