सावलीचे पैसे वेगळे

जुलै महिन्यात पुण्याचं दुपारचं तापमान 28 अंशांच्या आसपास असतं. सिंहगडावर ढग उतरलेले असतात, कांदाभजीला गिऱ्हाईक असतं आणि अकोल्या-चंद्रपूरकरांचाही जीव एव्हाना भांड्यात पडलेला असतो. नेमक्या याच दिवसांत, अख्खा वैशाख कूलरसमोर बसून काढलेलं एखादं मराठी जोडपं टोप्या, सनस्क्रीन आणि मेतकुटाची बरणी घेऊन अथेन्सला निघतं. तिथे पारा चाळिशीला टेकलेला असतो. कारण साधं आहे. मुलगा जर्मनीत किंवा अमेरिकेत असतो, नातवंडांच्या शाळेला सुट्टी याच दिवसांत असते आणि ‘आईबाबांना जरा आराम’ म्हणून मुलाने भूमध्य समुद्रातली सात रात्रींची क्रूझ परस्पर बुक केलेली असते. नाही म्हणायची सोय नसते. पैसे परत मिळत नाहीत.

जाहिरातीतलं चित्र एव्हाना सगळ्यांना पाठ आहे. निळं पाणी, पांढरं जहाज, कठड्याला रेलून उभं असलेलं एक जोडपं, दोघांचे केस वाऱ्यावर. तिसरा माणूस चित्रात नाही. 2022 साली सेवेत आलेल्या ‘एमएससी वर्ल्ड युरोपा’ या जहाजाची प्रवासीक्षमता 6,762 आहे. तेव्हा उरलेले 6,760 जण फोटोग्राफरच्या पाठीमागे दाटीवाटीने उभे असावेत, असं धरून चालायला हरकत नाही. त्यांची उठबस करणारे दोन हजारांहून अधिक कर्मचारी वेगळे. शिवाय हे काही जगातलं सर्वांत मोठं जहाज नव्हे. कॅरिबियन समुद्रात फिरणाऱ्या ‘आयकॉन ऑफ द सीज’वर साडेसात हजारांहून जास्त माणसं मावतात.

गर्दीपासून दूर जायचं म्हणून माणूस समुद्रावर येतो आणि गर्दी सोबतच बोटीत चढते. यात कंपनीची फसवणूक काहीच नाही. आकडे तिने स्वतःच अभिमानाने छापलेले असतात. गंमत प्रवाशाची आहे. जहाजावर चढलेल्या प्रत्येकाला ‘किती ही माणसं!’ असं मनापासून वाटत असतं आणि त्या माणसांत तो स्वतःला कधीही मोजत नाही.

पहिली लढाई खुर्चीची. पोहण्याच्या तलावाभोवती आरामखुर्च्या मांडलेल्या असतात; त्यांतल्या सावलीतल्या थोड्या, उन्हातल्या पुष्कळ. सकाळी सहाला, न्याहारीची भांडी लागायच्या आधी, काही मंडळी गुपचूप वर येतात आणि सावलीतल्या खुर्च्यांवर टॉवेल अंथरून, त्यावर एक पुस्तक आणि एक सपात ठेवून पुन्हा झोपायला जातात. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची कला ज्या महाराष्ट्रात शास्त्राच्या पातळीवर पोचली, तिथल्या माणसाला या प्रकारात नवं काहीच वाटत नाही. एवढंच वाटतं, की हे लोक युरोपियन असून आपल्यासारखेच निघाले. कंपन्यांनी यावर उपाय काढला आहे. रिकाम्या खुर्चीवर कर्मचारी वेळ लिहिलेली चिठ्ठी चिकटवतो. कुठे तीस, कुठे चाळीस मिनिटांत मालक आला नाही, तर टॉवेल जप्त. त्यावर प्रवाशांनी उपाय काढला आहे, की घरातल्या एकाने दर अर्ध्या तासाने येऊन चिठ्ठी काढून टाकायची. हे काम बहुधा आजोबांकडे येतं. आरामासाठी आणलेले तेच असतात.

ज्यांना ही कसरत जमत नाही त्यांच्यासाठी जहाजातच दुसरं जहाज असतं. एमएससीकडे त्याला ‘यॉट क्लब’ म्हणतात, नॉर्वेजियन क्रूझ लाइनकडे ‘द हेवन’. तिथे जायला वेगळं कार्ड, वेगळा तलाव, वेगळं हॉटेल आणि पुरेशा खुर्च्या. थोडक्यात, सार्वजनिक डेकवरून जी सावली आणि मोकळी जागा नाहीशी झाली तीच इथे दाराआड नीट जपून ठेवलेली असते आणि जादा पैसे भरणाऱ्याला काढून दिली जाते. उलट सर्वांत स्वस्त खोली जहाजाच्या पोटात. तिला खिडकी नसते. समुद्र पाहायला हजारो मैल आलेल्या माणसाला समुद्र न दिसणारी खोली विकणं आणि ‘बघ, एसी किती छान आहे!’ असं त्याच्याच तोंडून वदवून घेणं, याला धंद्याची अक्कल लागते. एसी छान असतो, हे मात्र खरं. दुपारी सगळे बुफेच्या एसीतच का येतात, ते तिथली रांग पाहिल्यावर कळतं. निम्म्यांना भूक नसते.

जहाज पिरेयसला लागतं आणि लोक अथेन्सवर उतरतात. ‘वर’ हा शब्द तंतोतंत घ्यावा, कारण सगळ्यांना एकाच टेकडीवर चढायचं असतं. ॲक्रॉपोलिसवर झाड जवळजवळ नाही. पायाखाली गुळगुळीत झालेला संगमरवर, डोक्यावर ऊन, आणि दगडावरून परतून तोंडावर येणारं ऊन वेगळं. पार्थेनॉन इसवी सनपूर्व पाचव्या शतकात बांधलं तेव्हा ते अथेना देवीसाठी होतं. एका दिवसात हजारो लोक अकरा ते एकच्या दरम्यान हात वर करून फोटो काढतील, हा हिशेब वास्तुशिल्पींनी धरला नव्हता. सप्टेंबर 2023 पासून सरकारने तो धरला. आता दिवसाला 20,000 माणसांची मर्यादा आहे आणि तासातासाची तिकिटं. त्याच वर्षी जुलैत, आणि पुन्हा जून 2024 मध्ये, ऐन दुपारचे तास टेकडी चक्क बंद ठेवावी लागली. रेड क्रॉसचे लोक रांगेत पाण्याच्या बाटल्या वाटत होते. देवळं दुपारी बंद असतात हे मराठी माणसाला नवं नाही, पण आपल्याकडे देव झोपतो. तिथे पुजारी-बडवे कोणी उरलेले नसल्यामुळे सूर्यालाच ते काम करावं लागतं.

अथेन्सच्या उन्हाची थट्टा एका हद्दीपर्यंतच करावी. या शहराच्या परिसरात जुलै 1977 मध्ये 48 अंशांची नोंद झाली होती आणि 2021 साली सिसिलीने 48.8 अंशांनी तो युरोपचा उच्चांक मोडेपर्यंत ती टिकली. 2021 मध्येच अथेन्सने उष्णतेसाठी खास अधिकारी नेमला. युरोपात असं पद पहिल्यांदाच निर्माण झालं. जून 2024 मध्ये ग्रीक बेटांवर भर उन्हात पायी फिरायला निघालेले काही पर्यटक परत आलेच नाहीत. त्यांतले बरेच जण वयाने साठीच्या आसपासचे किंवा पुढचे होते आणि थंड देशांतून आलेले होते. ऊन म्हणजे सुट्टी हे समीकरण त्यांच्याकडे लहानपणापासून पक्कं असतं. आपल्याकडे ऊन म्हणजे घरात बस, पन्हं पी आणि चारनंतर बाहेर पड. म्हणून ऐन बाराला ‘अजून थोडंच वर आहे’ म्हणणाऱ्या गाइडला एखादी मराठी आजी ‘तुम्ही या जाऊन’ असं सांगून भिंतीच्या सावलीत पदर डोक्यावर घेऊन बसते, तेव्हा ती मागासलेली नसून त्या तुकडीतली एकमेव शास्त्रशुद्ध वागणारी व्यक्ती असते. तिच्या पर्समध्ये ओआरएसची पाकिटं असतात. कांदाही असतो. त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही, पण सुरक्षा तपासणीत तो बाहेर काढल्यावर होणारा संवाद ऐकण्यासारखा असतो.

मग सँटोरिनी. बेटाची लोकवस्ती साधारण पंधरा हजार. जुलै 2024 मध्ये एका दिवशी क्रूझमधून 17,000 माणसं येणार म्हटल्यावर तिथल्या एका लोकप्रतिनिधीने फेसबुकवर गावकऱ्यांनाच विनंती केली, की आज शक्यतो घराबाहेर फिरू नका. गावात पाहुणे आले म्हणून घरच्यांनी कोंडून घ्यायचं! लोक संतापले आणि मजकूर काढून टाकण्यात आला. त्यानंतर रोज 8,000 क्रूझ प्रवाशांची मर्यादा ठरली आणि जुलै 2025 पासून ऐन हंगामात माणशी वीस युरो शुल्क सुरू झालं. मर्यादा 8,000 ठेवल्यामुळे आता बेटावर कशी शांतता आहे, हे खालच्या बंदरात जाऊन पाहावं.

बंदर उंच कड्याच्या पायथ्याशी आहे आणि फिरा हे गाव माथ्यावर. मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. ते बाहेर उभं राहतं आणि छोट्या होड्यांतून माणसं किनाऱ्यावर आणतात. मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या बोटीतून देवगडला किंवा विजयदुर्गाला उतरणाऱ्या चाकरमान्याने हेच केलं होतं. बोट बाहेर, पडाव आत, मांडीवर ट्रंक आणि जीव मुठीत. फक्त त्याला त्यासाठी कोणी ‘अनुभव’ म्हणून बिल लावलं नाही. किनाऱ्यावरून वर जायला तीन मार्ग आहेत. पहिला केबल कार: तिची क्षमता ताशी साधारण सहाशे माणसं वर आणि तितकीच खाली. आठ हजारांनी सगळ्यांनीच तिचा हट्ट धरला, तर शेवटचा माणूस वर पोचायला तेरा तास लागतील. जहाज थांबतं आठ-दहा तास. दुसरा मार्ग पायऱ्यांचा: पावणेसहाशेहून जास्त, दगडी, उन्हात. तिसरा मार्ग गाढवाचा, आणि तोही त्याच पायऱ्यांवरून. त्यामुळे पायी चढणाऱ्याला गाढवांची गर्दी आणि गाढवाला माणसांची. 2018 मध्ये ग्रीक सरकारने नियम केला, की या जनावरांवर शंभर किलोपेक्षा किंवा त्यांच्या वजनाच्या एकपंचमांशापेक्षा जास्त भार टाकायचा नाही. नियमाचा मजकूर कल्याणकारी आहे. मात्र सात दिवस अष्टौप्रहर बुफे चालू असलेल्या जहाजावरून उतरणाऱ्या माणसांच्या दृष्टीने तो जरा टोचणारा आहे. कारण मर्यादा सगळ्यांना माहीत असते आणि प्रश्न एवढाच असतो, की वजनकाटा कोणी काढायचा.

व्हेनिसबद्दल थोडक्यात. 25,000 टनांहून मोठ्या जहाजांना ऑगस्ट 2021 पासून सेंट मार्कच्या चौकासमोरून जायला बंदी आहे. काही कंपन्यांनी त्यावर भूगोल थोडा सैल केला. कार्यक्रमपत्रिकेत ‘व्हेनिस’ आणि जवळ बारीक अक्षरांत ‘रॅव्हेना’. म्हणजे बंदरावर उतरून बसने दोन-अडीच तास. नालासोपाऱ्याला उतरवून ‘नाशिक दर्शन’ म्हणावं, तसला हा प्रकार. बसला एसी असतो, त्यामुळे तक्रारी कमी येतात.

बार्सिलोनाकडे मात्र प्रामाणिकपणा आहे. जुलै 2024 मध्ये तिथल्या नागरिकांनी मोर्चा काढला आणि रस्त्यावरच्या हॉटेलांत बसलेल्या पर्यटकांवर पिचकाऱ्यांनी पाणी उडवलं. दहा वर्षांत घरभाडी 68 टक्क्यांनी वाढली, असं महापौरच सांगत होते. तेव्हा राग समजण्यासारखा आहे. पण भर उन्हाळ्यात पर्यटकाला मोफत गारवा देणारं हे भूमध्य किनाऱ्यावरचं एकमेव शहर ठरलं, ही गोष्ट नोंदवायला हवी. समुद्रात डुंबण्याचाही फारसा उपयोग नव्हता. ऑगस्ट 2024 मध्ये भूमध्य समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान 28.9 अंशांवर पोचलं. म्हणजे पुण्यातली जुलैची दुपार त्या पाण्यापेक्षा गार असते.

या सगळ्यात खऱ्या अर्थाने सुखी असतात ते मुरलेले क्रूझवाले. दोन-चार वाऱ्या झालेले हे लोक बंदर आलं की उतरतच नाहीत. साडेनऊला जहाज रिकामं होतं. तलाव मोकळा, लिफ्ट मोकळी, सावलीतल्या खुर्च्या ओळीने मोकळ्या. पार्थेनॉनची चित्रफीत खोलीतल्या टीव्हीवर दिसते. अशा वेळी बुफेत भांडी आवरणारा एखादा मुलगा हळूच ‘काका, मराठी का?’ असं विचारतो. तो गोव्याचा नाहीतर वेंगुर्ल्याचा निघतो. त्याच्या घरी ‘मुलगा जहाजावर असतो’ एवढंच सांगतात आणि तेवढं पुरतं. त्याची खोली पाण्याच्या पातळीखाली, दोघांत एक, करार सहा-आठ महिन्यांचा. उन्हाचा त्रास त्याला फारसा होत नाही, कारण ऊन त्याला फारसं दिसत नाही. तो काकांना वरणासारखं लागणारं एक सूप आणि दोन हिरव्या मिरच्या आणून देतो. काका त्याला विचारतात, अथेन्स कसं आहे. तो सांगतो, बंदरातलं वायफाय चांगलं आहे.

आता कंपन्या उत्तरेकडे वळल्या आहेत. ऊन आणि गर्दी नको असेल तर नॉर्वे आहे, अलास्का आहे. हिमनद्या, देवमासे आणि स्वेटर. सल्ला ऐकून सगळेच तिकडे वळले. अलास्कातल्या जुनोची वस्ती तीस हजारांच्या वर थोडी. तिथे 2024 पासून दिवसाला पाच मोठ्या जहाजांची मर्यादा घालावी लागली. शनिवारी एकही जहाज नको, असा प्रस्ताव त्याच वर्षी मतदानाला आला आणि तो पडला. नॉर्वेने पर्यटकांवर स्थानिक कर लावायला परवानगी दिली आहे. थंडीचं म्हणाल, तर जुलै 2025 मध्ये फिनलंडमध्ये सलग बावीस दिवस कुठे ना कुठे पारा तीस अंशांच्या वर होता.

तरीही पुढच्या वर्षासाठी चौकशी चालूच आहे. डेक्कनवरच्या एका प्रवासी कंपनीच्या कचेरीत एक गृहस्थ नॉर्वेचं पत्रक उलटसुलट करून पाहतात आणि काउंटरवरच्या मुलीला विचारतात, “तिकडे थर्मल न्यायचे की सनस्क्रीन?”

“दोन्ही न्या काका,” ती संगणकावरून नजर न काढता सांगते, “फक्त बॅग तेवीस किलोच्या आत बसवा. आणि खिडकीची खोली हवी असेल तर आत्ताच सांगा, त्याचे वेगळे आहेत.”