एकूण ४२

आमच्या शाळेत घंटा मामा वाजवतात आणि शिट्टी उपक्रमवाले सर. घंटा झाली की मुलं पळतात. शिट्टी झाली की जिथं आहेत तिथं उभी राहतात, कारण आता मोजणी होणार हे त्यांना माहीत असतं.

उपक्रमवाले सर ही व्यक्ती नाही, जात आहे. बिबट्याप्रमाणेच जुन्नर तालुक्यात तिचा सर्वत्र वावर आहे, आणि तालुक्याबाहेरही छोट्या शाळा जिथं जिथं आहेत तिथं ती आढळते. मोठ्या शाळांत या कामाला विभाग असतो, आमच्यासारख्या शाळेत एक माणूस असतो. आमची शाळा स्वयंअर्थसहाय्यित. या शब्दाचा अर्थ असा, की सरकार म्हणतं पैसे संस्थेनं घालावेत, संस्था म्हणते पालकांनी द्यावेत, आणि पालक म्हणतात टोमॅटोची पट्टी हातात आली की देतो. पहिली ते दहावी एकेक तुकडी, शिक्षक अकरा. मी मराठी शिकवते आणि कागदोपत्री उपक्रम समितीची सदस्य आहे. समितीत दोघंच. दुसरे अध्यक्ष.

अध्यक्ष मूळचे गणिताचे. पन्नाशीला टेकलेत, पण जूनमध्ये शाळा उघडली की त्यांच्या अंगात पंचवीस वर्षांचा मुलगा शिरतो आणि तो थेट एप्रिलमध्ये बाहेर पडतो. शर्टाच्या खिशात शिट्टी, सेफ्टी पिना आणि आवळासुपारीची डबी. पँटच्या डाव्या खिशात दोरी. उजव्या खिशात दुमडलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, घाटात उलटी होणाऱ्यांसाठी. सूचनावहीत त्यांचं एकच वाक्य वर्षभर फिरतं : ‘वेळापत्रकात किंचित बदल आहे.’ या किंचित बदलात माझे व्याकरणाचे किती तास बुडाले ते मी एकदा मोजायला घेतलं होतं. मोजायचं काम त्यांनाच शोभतं म्हणून सोडून दिलं.

पहिला किंचित बदल आषाढीचा. दिंडी निघते, शाळेपासून मारुतीच्या देवळापर्यंत आणि परत. विठोबा व्हायला कोणी तयार नसतं, कारण कमरेवर हात ठेवून तासभर हलायचं नाही. रखुमाईसाठी मात्र गर्दी. गेल्या वर्षी दोन आयांनी नऊवारी शिवून आणली आणि दोघीही फाटकात उभ्या. मोठ्या मॅडम कार्यालयात गेल्या आणि दार लावून घेतलं. सरांनी आधी शिट्टी वाजवली, मग निकाल दिला : “एक जातानाची रखुमाई, एक येतानाची.” जातानाची समाधानानं गेली. येतानाची मारुतीच्या पारावर वाट बघत बसली आणि तिनं तोवर प्रसादाच्या राजगिऱ्याच्या लाडवांचा निकाल लावला.

सरांचा फ्लेक्स हा स्वतंत्र विषय आहे. वर्षाला एकच फ्लेक्स. वर शाळेचं नाव, खाली ‘आपले सहर्ष स्वागत’ आणि मधे रिकामी पट्टी. त्या पट्टीवर दर वेळी नवा कागद चिकटतो, जुना काढायचा नाही. योग दिन, गुरुपौर्णिमा, मग १ ऑगस्ट. त्या दिवशी टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णा भाऊ साठे यांची जयंती. १९२० साली टिळक ज्या तारखेला गेले त्याच तारखेला अण्णा भाऊ जन्मले. त्यामुळे भाषणं दोन्ही आणि वेळ एकाचा. आमच्या सहावीतल्या वक्त्यानं तो वेळ पाळण्यासाठी टिळकांकडूनच ‘फकिरा’ लिहून घेतली. १५ ऑक्टोबरला पुन्हा तीच अडचण, वाचन प्रेरणा दिन आणि जागतिक हात धुवा दिन एकदम. सर म्हणाले, “अडचण कसली? आधी हात धुवायचे, मग पुस्तकाला लावायचे.” हा विनोद नव्हता. नळावर रांग लावून, मोजून, त्यांनी तसंच केलं.

फ्लेक्सवर थर साचत गेले. फेब्रुवारीपर्यंत त्याला पोट सुटलं. २७ तारखेला मराठी भाषा गौरव दिन, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, म्हणजे माझा दिवस. पाहुणे कवी होते. डोळे मिटून बोलत होते, छान बोलत होते. इकडे पंख्याच्या वाऱ्यानं वरचे थर एकगठ्ठा सुटले, आणि पुढचा पाऊण तास त्यांनी मराठीच्या भवितव्याची चिंता ‘हात धुवा दिन’ या अक्षरांखाली उभं राहून केली. मुलं इतकी एकाग्र मी कधी पाहिली नव्हती.

भोंडल्याला तर सरांचं काही काम नाही. हस्त नक्षत्र, पाटावर काढलेला हत्ती, भोवती फेर, गाणी. सगळं मुलींना आणि आम्हा बायकांना येतं. पण उपक्रम म्हटल्यावर नियोजन आलं. सरांनी फळ्यावर लिहिलं : ३.०० हत्तीपूजन, ३.१० फेर, ३.४० खिरापत (मटकीची उसळ). भोंडल्यात खिरापत ओळखायची असते, डबा हलवून, वास घेऊन, तिखट की गोड विचारून. पाचवीतली एक मुलगी कंसात लिहिलेली मटकी वाचून रडायला लागली. सरांना अपराध कळेना. मी समजावलं तेव्हा त्यांनी फळा पुसला आणि नवीन ओळ लिहिली : ३.४० खिरापत (गुप्त).

आता क्षेत्रभेटी. पोस्टात नेलं तेव्हा प्रत्येकानं ५० पैशांचं पोस्टकार्ड घेऊन घरी पत्र लिहायचं होतं. मजकूर सरांनी सांगितला, त्यामुळे ४२ पोस्टकार्डांवर एकच पत्र गेलं. एकाच घरातल्या जुळ्यांच्या आईला ते दोनदा वाचावं लागलं. आळ्याला नेलं. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले त्या रेड्याची समाधी तिथं आहे. सरांनी समाधीपुढं नमस्कार करून शेवटच्या बाकावरच्यांकडे नुसतं पाहिलं. बोलले काही नाहीत.

नारायणगावच्या टोमॅटो बाजाराची भेट मात्र सविस्तर सांगायला हवी. सातवी आणि आठवी मिळून ४२ मुलं, त्यातली निम्मी टोमॅटोवाल्यांचीच. सरांनी क्रेटच्या थप्पीशेजारी उभं राहून विचारलं, “सांगा, टोमॅटो कुठून येतो?” एक जण म्हणाला, “आमच्या वावरातनं.” “बरं, एका क्रेटमध्ये किती किलो?” “वीस. सर, पण तुम्ही भाव विचारा ना, भाव.” भाव त्या दिवशी पडलेला होता. मुलांनी तो लिलावाच्या आवाजावरूनच ओळखला होता, सर वहीत ‘बाजाराची रचना’ लिहून देत होते. मग शिट्टी, मोजणी. ४१. पुन्हा मोजणी. ४१. सरांचा चेहरा क्रेटमधल्या हिरव्या टोमॅटोसारखा झाला. हरवलेला मुलगा चौथ्या रांगेत सापडला, पिकअपमधून क्रेट उतरवत होता. त्याचे वडील माल घेऊन आले होते. त्यांनी विचारलं होतं, “तू शाळेत गेला होतास ना रं?” तो म्हणाला, “शाळाच इकडं आलीये.” वडिलांना ते पटलं आणि त्यांनी त्याला कामाला लावलं. सर म्हणाले, “दादा, तो आमच्या ताब्यात आहे.” दादा म्हणाले, “सर, सात क्रेट राहिलेत, तेवढे होऊ द्या.” शेवटी ४२ मुलांनी हातोहात सात क्रेट उतरवले. अहवालात याची नोंद ‘प्रत्यक्ष कृतीतून शिक्षण’ अशी आहे.

अहवालाचंही गुपित सांगून टाकते. तो भेटीच्या आदल्या रात्रीच तयार असतो. ‘विद्यार्थ्यांनी भरभरून आनंद लुटला’ हे वाक्य विद्यार्थी अजून झोपलेले असतानाच लिहिलेलं असतं. त्याला जोडलेल्या परवानगीच्या कागदात ‘संभाव्य धोके’ असा एक रकाना सरांनी स्वतःच आखला आहे. त्यात दर वेळी तीन नोंदी : बिबट्या, मधमाश्या, पालक.

२८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, खोडदची दुर्बीण. ४५ मीटर व्यासाच्या एकूण ३० डिश, काही खोडदला एकत्र आणि बाकीच्या तीन दिशांना दूरवर पसरलेल्या. प्रत्येक डिश जाळीची, आरपार आभाळ दिसतं. आकाशातून येणारे रेडिओतरंग इतके क्षीण, की जवळपास मोबाइल चालू असला तरी घोटाळा होतो. सरांनी हे बसमध्ये तीन वेळा सांगितलं, माझा, मामांचा आणि ड्रायव्हरचा फोन बंद करून एका पिशवीत घेतला आणि पिशवी स्वतःच्या गळ्यात अडकवली. स्वयंसेवक मुलगी छान सांगत होती, मुलं माना वर करून ऐकत होती, आणि सरांच्या मोज्यातून कोंबडा आरवला. मोज्यात त्यांचा दुसरा फोन असतो. दर अर्ध्या तासाला मोजणीची आठवण करून देण्यासाठी त्यात गजर लावलेला असतो. स्वयंसेवक मुलगी गप्प झाली. आमचा एक जण वर डिशकडे बघत म्हणाला, “सर, वरनं आला का?” सरांनी मान खाली घालून गजर बंद केला. आणि गजर झालाच आहे म्हणून मोजून घेतलं.

शिवनेरी डिसेंबरात. पालक दर वर्षी म्हणतात, “सर, किल्ला घरातनं दिसतोय, त्याला गाडी कशाला?” सरांचं उत्तर ठरलेलं : “दिसणं वेगळं आणि नेऊन आणणं वेगळं.” शिवनेरीला सात दरवाजे. इतिहासाच्या शिक्षकाला त्यात संरक्षणाची योजना दिसते, आमच्या सरांना मोजणीची सात ठिकाणं. महादरवाजा, ४२. पीर दरवाजा, ४२. एकाचं नावच परवानगीचा दरवाजा. तिथं सर जरा जास्त रेंगाळतात, शिक्षण खात्याची फाइल आठवते बहुधा. शिवाई देवीसमोर ४२. शिवजन्मस्थानाच्या दारात गर्दी होती. मुलं आत गेली, पाळणा पाहिला. १६३० हे साल एकानं मोठ्यानं सांगितलं. सर बाहेर उंबऱ्याशी उभे, आत जाणारी डोकी आणि बाहेर येणारी डोकी जुळवत. या वास्तूपर्यंत ते अठराव्यांदा आले होते. आतून ती कशी आहे हे मीच त्यांना एकदा सांगितलंय.

उतरताना पुन्हा सातही दरवाजे, सातही वेळा ४२. गाडीत बसल्यावर मी चिक्की वाटायला घेतली. मधल्या बाकावरचा एक मुलगा चिक्की घेत म्हणाला, “थँक्यू मॅडम. पण तुम्ही कोण?”

निळा ट्रॅकसूट, पांढरी पट्टी. डिसेंबरात शिवनेरीवर येणाऱ्या निम्म्या शाळांचा हाच ट्रॅकसूट असतो. मुलगा संगमनेरकडचा. मी सरांना हाक मारली. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, यादीकडे पाहिलं आणि अत्यंत शांतपणे म्हणाले, “मॅडम, आकडा बरोबर आहे.”

“आकडा बरोबर आहे, मुलगा चुकीचा आहे!”

“म्हणजे हिशेबात चूक नाही,” सर म्हणाले. मग मात्र त्यांचे पाय थरथरायला लागले आणि ते धावले. वाहनतळाच्या दुसऱ्या टोकाला त्या शाळेची गाडी सुरूच होत होती. आमचा सातवीतला भिडू खिडकीशी बसून गुलाबजाम खात होता. त्यांच्या डब्यात गुलाबजाम आहे एवढ्या एका कारणावर त्यानं दुसऱ्या किंवा तिसऱ्या दरवाजापासून शाळा बदलली होती. दारात त्यांचे सर उभे. गळ्यात शिट्टी, खिशात दोरी, हातात यादी. ते ड्रायव्हरला सांगत होते, “चला, ५६ पूर्ण.”

दोघांनी एकमेकांच्या शिट्ट्यांकडे पाहिलं. एक अक्षरही न बोलता मुलांची अदलाबदल झाली. मग दोघं बाजूला जाऊन वीस मिनिटं बोलले. मला वाटलं, एकमेकांना चार शब्द सुनावताहेत. जवळ गेले तर पुढच्या वर्षी दोन्ही शाळांची मिळून नाणेघाटची सहल ठरत होती, आणि त्या अवाढव्य जकातीच्या रांजणाभोवती ९८ मुलं एकदम उभी राहतील का याचा हिशेब चालला होता.

त्या संध्याकाळी शाळेच्या फाटकात पालक मुलांना घेऊन गेले. सरांची उलटी मोजणी सुरू होती : १२, ७, ३. शेवटी एक उरला, त्याचे वडील रात्रपाळीच्या पाण्याला गेले होते आणि मोटार बंद पडली होती. वाडीच्या वाटेवर आदल्या आठवड्यात बिबट्या दिसला होता, त्यामुळे त्याला एकटं सोडायचा प्रश्न नव्हता. मी साडेआठला निघाले. सर पायरीवर त्याच्याशेजारी बसून उरलेली चिक्की वाटून खात होते आणि त्याला सतराचा पाढा म्हणायला लावत होते. मामा सांगतात, फाटकाला कुलूप दहाला लागलं.

नाणेघाटचं परिपत्रक निघालं आहे. वर्गणी अजून ठरायची आहे, तारीख ठरली आहे, आणि अहवाल बहुधा लिहूनही झाला आहे. त्या दिवशी तुमची शाळा तिकडे येणार असेल तर एकच विनंती : मुलांना ट्रॅकसूट निळा सोडून कुठलाही घाला, आणि निघण्यापूर्वी तुमची मुलं नुसती मोजू नका, तोंडं बघून घ्या.