मोठ्या ‘टी’ची थोरवी

इंग्रजीत मैदानांच्या, सभागृहांच्या आणि नाट्यगृहांच्या नावाआधी जो ‘द’ लागतो, त्याचा ‘टी’ वाक्याच्या मध्यातही कॅपिटल छापावा की नाही, हा वाद काही मंडळींना क्षुल्लक वाटतो. या मंडळींनी सार्वजनिक जीवनाचा पुरेसा विचार केलेला नसावा. वास्तूचा मान वाढवण्याचे आजवर जेवढे उपाय निघाले, घुमट, मनोरे, संगमरवर, रोषणाई, ते सगळे खर्चाचे. शिवाय बांधलेली गोष्ट पुढे झाडावी लागते, पुसावी लागते, गळली तर दुरुस्त करावी लागते. मोठ्या अक्षराला यांतले काही लागत नाही.

लंडनचेच पाहा. नव्या सहस्रकाच्या स्वागतासाठी टेम्सकाठी ग्रिनिचला एक अवाढव्य तंबूवजा घुमट उभारला, मिलेनियम डोम. 2000 साली वर्षभरात तिथे 1 कोटी 20 लाख लोक येतील असा अंदाज होता. आले 65 लाखांच्या आसपास. वर्तमानपत्रांनी वर्षभर टिंगल केली. लोक त्याला नुसते ‘द डोम’ म्हणत आणि छापताना तो ‘टी’ बहुधा लहानच पडे. पुढे एका मोबाइल कंपनीने त्या वास्तूला आपले नाव दिले आणि 2007 साली ती ‘द ओटू’ म्हणून, मोठ्या ‘टी’सह, पुन्हा उघडली. आज जगातल्या सर्वांत गजबजलेल्या सभागृहांत तिची गणना होते. मधल्या काळात घुमटाखाली सुमारे 20 हजार प्रेक्षक मावतील असे नवे सभागृह बांधले गेले, हे खरे. पण यशाचे श्रेय लगेच अभियंत्यांना आणि गवंड्यांना देऊन मोकळे होण्याची आपली सवय एकदा तपासून पाहायला हवी.

केनिंग्टनच्या ओव्हलची कथा मराठी वाचकाला अधिक जवळची. 1845 पर्यंत तिथे भाजीचा मळा होता. इंग्लंडच्या भूमीवरची पहिली कसोटी 1880 मध्ये तिथे झाली आणि दोनच वर्षांनी यजमान तिथे अवघ्या सात धावांनी असे हरले, की त्या पराभवातून ‘ॲशेस’ची परंपरा जन्माला आली. 1971 च्या ऑगस्टमध्ये चंद्रशेखरने 38 धावांत 6 बळी घेतले आणि अजित वाडेकरांच्या संघाने भारताला इंग्लंडमधला पहिला कसोटी विजय मिळवून दिला. आपल्या घरांत त्या दिवशी रेडिओला कान लावून बसलेली माणसे मैदानाला नुसते ‘ओव्हल’ म्हणत होती. त्यांच्या आनंदात काही उणीव होती असे कुणी नोंदवून ठेवलेले नाही, पण ती राहून गेली असण्याची शक्यता नाकारता येत नाही. त्यानंतर त्या मैदानाच्या नावात एका बीअरचे, वित्तीय कंपनीचे, विमा कंपनीचे आणि मोटारीचेही नाव आले. प्रायोजक करारापुरते असतात, ‘द’ मात्र कुणाकडून एक पौंडही न घेता निष्ठेने जागेवर उभा राहिला. मोठेपणासाठी याहून सबळ पात्रता कोणती?

या बाबतीत सर्वांत दूरदृष्टी दाखवली ती अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या विद्यापीठाने. 1870 साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या नावात 1878 साली ‘द’ आला. तेवढ्यावर समाधान न मानता विद्यापीठाने 2022 साली कपडे आणि टोप्या यांच्यापुरता ‘द’ हा शब्द आपले व्यापारचिन्ह म्हणून नोंदवून घेतला. शेक्सपिअरपासून लाखो लोकांनी हा शब्द वापरला, पण त्याचा सातबारा आपल्या नावावर करून घ्यावा हे फारसे कुणाला सुचले नव्हते. ज्ञानसंस्थेकडून समाजाने आणखी किती अपेक्षा करावी?

विरोधक आहेतच. अमेरिकी संपादकांचा धर्मग्रंथ मानले जाणारे ‘शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाइल’ सांगते, की वाक्याच्या ओघात असा ‘द’ लहानच छापावा. लंडनचे ‘गार्डियन’ तर स्वतःच्या नावाआधीचा ‘टी’देखील लहान ठेवते. ज्याचे नाव लोकांना आपोआप आठवते त्याला मोठ्या अक्षराची गरज नसते, असा यामागचा विचार असावा. विचार उत्तम आहे. पण मग ज्यांचे नाव कुणाला आठवत नाही त्यांनी काय करायचे? त्यांना एकाच अक्षराचा आधार आहे आणि तोही काढून घेण्यात मला माणुसकी दिसत नाही.

मराठीची अडचण आणखी मोठी. देवनागरीत कॅपिटल अक्षर नाही, त्यामुळे आपल्या वास्तूंना आजवर आवाज, अभिनय, स्वच्छता, आसने असल्या गोष्टींवरच मान मिळवावा लागला. उपनगरांतल्या नव्या गृहसंकुलांनी नावाआधी ‘द’ लावून रस्ता दाखवला आहे. तिथे नळाला टँकरचे पाणी येत असले तरी प्रवेशद्वार पाहून मन भरते. कायदाही आता अनुकूल आहे. 2022 च्या दुरुस्तीनुसार महाराष्ट्रातल्या दुकानांच्या पाट्यांवर मराठी अक्षरे इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असून चालत नाहीत. म्हणजे कुणी इंग्रजीतला ‘टी’ तीन फुटांचा केला, तर शेजारचा मराठी ‘द’ही तीन फुटांचा करणे क्रमप्राप्त आहे. भाषेचा असा गौरव शंभर परिसंवादांनी साधला नसता.

म्हणून माझी सूचना महापालिकांच्या नाट्यगृहांपासून सुरुवात करण्याची आहे. गळके छत, बंद पडलेली वातानुकूलन यंत्रणा, डास, रंगपटातले तुटलेले आरसे यांबद्दल नाट्यकलावंत वर्षानुवर्षे जाहीरपणे बोलत आले आहेत. एका स्वच्छतागृहाच्या दुरुस्तीसाठी अंदाजपत्रक, निविदा, फेरनिविदा, ठेकेदार, पाहणी आणि पाहणीचा अहवाल लागतो, त्यात दोन नाट्यहंगाम जातात. ‘द’ रंगवायला एक रंगारी आणि एक दुपार पुरेशी आहे. फक्त तो दर्शनी भागावर असू नये. तिथे प्रेक्षक क्षणभर थांबतो आणि आत जातो. मध्यंतरात स्वच्छतागृहाबाहेर जी रांग लागते तिच्याकडे निवांत वाचनाला भरपूर वेळ असतो, तेव्हा अक्षर त्या भिंतीवर घ्यावे आणि वास अंगवळणी पडेपर्यंत नजर खिळून राहील इतके मोठे काढावे.