परमुलखात बँक खाते: धडगाव-अक्कलकुव्याच्या नवशिक्यांसाठी

आपण भारतातून निघून भारतातल्याच बँकेत चाललो आहोत, ही समजूत आधी घरी ठेवून या. सातपुड्यातल्या पाड्यावरून निघालेल्या माणसाचा मुलूख जीप थांबते तिथे संपतो. काचेच्या दारापलीकडे फॉर्म मराठी, हिंदी, इंग्रजीत मिळतो. भिली आणि पावरी चालतात, पण फक्त रांगेत.

परदेशात पासपोर्ट लागतो, इथे आधार. शहादा तालुक्यातल्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या हस्ते आधारची सुरुवात झाली. ओळख मिळण्यात आपला जिल्हा देशात पहिला, हे काउंटरवर ऐकवू नका. झेरॉक्स मागतील, दोन्ही बाजूंची.

मतदार ओळखपत्र किंवा रोजगार हमीचे जॉब कार्डही नियमात बसते. मात्र तुमचे नाव एकच आहे असे तुम्हाला वाटते, कागदांना तसे वाटत नाही. आधारवर वसावे, मतदार यादीत वसावा, जॉब कार्डावर त्या दिवशी कारकुनाला जे ऐकू आले ते. जन्मतारीख विचारली तर १ जून सांगा. सगळ्या पाड्याचीच ती असल्याने कोणाला नवल वाटणार नाही.

कागद काहीच नसेल तर ‘छोटे खाते’ मागा. एक फोटो, अधिकाऱ्यासमोर सही किंवा निशाणी डावा अंगठा, बस. शिल्लक ५०,००० च्या वर जाता कामा नये, वर्षात एक लाखाहून जास्त जमा नको, महिन्यात १०,००० हून जास्त काढायचे नाहीत. मर्यादा घालणाऱ्याने तुमच्या कमाईचा फार मोठा अंदाज बांधलेला दिसतो. मन दुखवू नका. खाते बारा महिने चालते. ओळखपत्रासाठी अर्ज केल्याचा पुरावा दाखवला तर आणखी बारा.

“किमान शिल्लक किती ठेवणार?” असे विचारले तर ‘जनधन’ म्हणा, जरा मोठ्याने.

मोबाईल नंबर स्वतःचा द्या. ऊसतोडीला गुजरातेत जाताना सिम बदलली, की ओटीपी जुन्या नंबरावर जातो आणि तो नंबर तोवर कोणा दुसऱ्याचा झालेला असतो.

खाते उघडले म्हणजे पैसे त्यातच येतील असे मात्र नाही. लाडक्या बहिणीचे १,५०० रुपये तुम्ही फॉर्मवर लिहिलेल्या खात्याकडे पाहत नाहीत. आधार शेवटचे ज्या बँकेशी जोडले गेले, तिथे जातात. कधीतरी गावात शिबिर भरले, कोणी अंगठा घेतला, दुसरेच खाते उघडले, पासबुक कोणी दिले नाही. पैसे तिथे सुखरूप असतात. म्हणून बँकेत “पैसे आले का?” विचारण्याआधी “माझे आधार कोणत्या बँकेला जोडले आहे?” हे विचारा. पहिल्या प्रश्नाला “नाही” एवढेच उत्तर मिळते.

पैसे काढायला बँक मित्र आहे. त्याचे यंत्र आधी रेंज शोधते, मग तुमचा अंगठा. कुदळ-कोयत्याने झिजलेला अंगठा त्याला ओळखू येत नाही. पुसून पाहा, ओला करून पाहा, बोटे दहा आहेत.

दोन वर्षे व्यवहार केला नाही तर खाते निष्क्रिय होते. आणि जोखीम कमी असलेल्या ग्राहकालाही दहा वर्षांनी पुन्हा केवायसी द्यावी लागते. २०१४ च्या जनधनवाल्यांसाठी २०२५ मध्ये जुलै ते सप्टेंबर ग्रामपंचायतींत शिबिरे भरली. तेव्हा शेतात असाल, तर आधार घेऊन शाखेत जा. झेरॉक्स, दोन्ही बाजूंची.