हाडाचा कोडर

इंदूरच्या छत्रीबागेत भर दुपारपर्यंत झोपलेला मराठी मुलगा दिसला, तर तो बिघडलेला तरी असतो नाहीतर मेडिकल कोडर तरी. रात्रभर अमेरिकेतली बिलं, दिवसा पांघरूण. मोहल्ल्यातली पोरं त्याला 'कोडर भिया' म्हणतात. स्थळं घेऊन येणारे "कोडिंग म्हणजे सॉफ्टवेअर ना?" असं विचारतात, तेव्हा वडील खोकतात आणि "आयटी"वर भागवतात.

काकूमंडळींनी मात्र त्याला केव्हाच डॉक्टर केलंय. "बाळा, कंबर धरली रे!" याने तर जन्मात हाड हातात घेतलेलं नाही. तिकडच्या सर्जनने मणके जोडताना घातलेलं हाड कुणाचं आणि कसलं, हे शस्त्रक्रियेच्या नोंदीतून हुडकायचं आणि त्याला पाच आकडी कोड लावायचा, एवढंच त्याचं काम. दात्याच्या हाडाचा चुरा असला तर 20930, अखंड तुकडा असला तर 20931. रुग्णाचंच हाड त्याच छेदातून काढलेलं असेल तर 20936. वेगळा छेद घेतला असेल तर 20937 किंवा 20938, पुन्हा चुरा की तुकडा ते पाहून. मणके दोन जोडा की पाच, चुऱ्याचा कोड एकदाच. आणि इतकं करून मेडिकेअर, म्हणजे तिकडचा सरकारी विमा, 20930 चे वेगळे पैसे देतच नाही!

"पोह्यांवरच्या शेवेसारखं आहे काकू. घालतात, पण बिलात वेगळी दिसत नाही."

काकूंना हे लगेच पटतं. कंबर तशीच राहते.

'नोंदीत नाही म्हणजे झालंच नाही' हे त्याचं ब्रीद. दूध आणायला सांगितलं होतं, असं आई म्हणाली की हा विचारतो, "कुठे लिहिलंय?" अशा माणसाला कीर्तनाला नेऊ नये, पण आजोबांनी नेलं. बुवा दधीची ऋषींवर आले. देवांसाठी ऋषींनी अस्थी दिल्या, त्यांचं वज्र झालं. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. हा पुटपुटला, "दात्याचं हाड, अखंड तुकडा. पण 20931 बसत नाही. तो फक्त मणक्यांच्या शस्त्रक्रियेला, आणि तोही जोड-कोड. मुख्य शस्त्रक्रिया कुठाय? क्लेम परत जाणार."

"अरे, भागवताच्या सहाव्या स्कंधात आहे!" आजोबा तडकले. "विश्वकर्म्यानं स्वतः घडवलं वज्र!"

"बरं. खाली त्याची सही आहे?"