राजीनामा, जेवणानंतर एकदा

रक्तदाब 150 वर 100. वय 34. डॉक्टर चष्म्यावरून बघतात आणि म्हणतात, "टेन्शन कमी करा." करतो की. कुठल्या मेडिकलमध्ये मिळतं?

मग घरचे, दारचे, व्हॉट्सॲपवरचे सगळे एका सुरात: सोड ना नोकरी! तब्येतीपेक्षा का नोकरी मोठी? हा सल्ला देणाऱ्याचं बहुधा पेन्शन चालू असतं.

बरं, सोडली. नोटीस पीरियड 90 दिवस. छातीत धडधडतंय आज, सुटका तीन महिन्यांनी. तोवर केटी द्यायची. म्हणजे ज्या कामाने आपण आजारी पडलो, ते दुसऱ्याला नीट शिकवून निघायचं.

शेवटच्या दिवशी लॅपटॉप जमा, आयकार्ड जमा, कंपनीचा मेडिक्लेमही गेला. नवी पॉलिसी काढायला जावं, तर फॉर्म विचारतो: आधीपासून काही आजार? आहे म्हटलं, की त्या आजारापुरतं 3 वर्षांपर्यंत थांबा.

आजार तेवढा कंपनी परत मागत नाही.

ही सगळी हल्लीच्या पोरांची नाटकं, असं म्हणणारे आहेतच. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 मध्ये मिळून सांगितलं: आठवड्याला 55 तास किंवा जास्त राबणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका 35 ते 40 तासवाल्यांपेक्षा सुमारे 35 टक्क्यांनी अधिक. आपण काय बोध घेतला? 2023 मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना 70 तास सुचवले. 2025 च्या जानेवारीत एल अँड टीचे अध्यक्ष 90 वर गेले. लिलाव रंगलाय. बोली त्यांची, माल आपण.

कायदा नाही का? आहे की! महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात मुळात दिवसाला 9 तास, आठवड्याला 48. व्यवस्थापकीय पदावरच्यांना मात्र तो लागू नाही. हाताखाली एकही माणूस नसताना तुमच्या कार्डावर 'मॅनेजर' का छापलंय, कळलं?

त्या 9 तासांचे 10 करायला राज्य मंत्रिमंडळाने 2025 च्या सप्टेंबरात मंजुरी दिली. कायदा निदान वस्तुस्थितीच्या दिशेने तरी निघाला.

2024 मध्ये पुण्यात 26 वर्षांची एक सनदी लेखापाल गेली. आईने थेट कंपनीच्या प्रमुखांना पत्र लिहिलं, कामाच्या ओझ्याकडे बोट दाखवलं. देशभर हळहळ झाली. कामगार खात्याचे अधिकारी तपासणीला गेले, तर त्या कार्यालयाची या कायद्याखाली नोंदणीच नव्हती. तास मोजायचे कोणी?

कंपन्या काहीच करत नाहीत, असं मात्र म्हणू नका. ताणमुक्तीवर वेबिनार ठेवतात. संध्याकाळी साडेसातला. हजेरी सक्तीची, कॅमेरा चालू.

आणि सोडायची चैन तरी कोणाला परवडते? ज्याचा घराचा हप्ता फिटलाय त्याला, किंवा ज्याची बायको कमावते त्याला. बाकीचे गोळी घेतात आणि लॉगिन करतात.

समजा, तुम्ही सोडलीत. झोप लागायला लागली, वजन उतरलं. उत्तम! सोमवारी त्याच खुर्चीत दुसरा बसला, त्याच टार्गेटसह. दोनेक वर्षांनी त्यालाही कोणीतरी तोच सल्ला देईल. खुर्ची तपासायला कोणी जाणार आहे का?

कसं जाणार? राजीनाम्यात झाडून सगळे 'वैयक्तिक कारणास्तव' लिहितात. खरं लिहिलं तर रिलीव्हिंग लेटर रखडेल, पुढची नोकरी हातची जाईल. इतकी साधी भीती.

त्यामुळे कंपनीच्या दप्तरी कामाच्या ताणामुळे सोडून गेलेल्यांची संख्या शून्य. या आकड्यावर एखादा पुरस्कारही मिळून जाईल.