शून्य दशांश शून्य एक क्यूसेक

मृगाच्या आधी पन्हाळ साफ करायला शिडी लावावी आणि आप्पांना पत्ता लागू नये, असं सिद्धेश्वरात अजून घडलेलं नाही. मी दुसऱ्या पायरीवर असतो न असतो, तोच खालून आवाज येतो, "गुरुजी, विसर्ग सुरू करायलात का?"

तुमच्याही गल्लीत असा एक असेलच. स्वतः जमीन सोडायची नाही आणि वर चढलेल्याला सुखानं जमिनीवर येऊ द्यायचं नाही.

आप्पांची उभी नोकरी धरणावर गेली. वरचं येलदरी पाणी साठवतं, त्यावर वीज करतं. तेच पाणी पूर्णेतून खाली आमच्या सिद्धेश्वरला येतं आणि इथून कालव्यानं वसमतकडच्या रानांना जातं. आप्पांच्या लेखी माझं घरही ह्याच साखळीतलं. पत्रा म्हणजे पाणलोट क्षेत्र, पन्हाळ म्हणजे कालवा आणि कोपऱ्यातल्या टिपाडाच्या तळाशी उरतं तो मृतसाठा.

पूर्वी हा व्याप नव्हता. माळवद होतं, पांढऱ्या मातीचं. वर चढून उतार सारखा केला, पन्हाळीतला गाळ काढला की झालं. 1993 साली किल्लारीला भूकंप झाला, माळवदाखाली माणसं गाडली गेली, आणि त्या धसक्यानं आमच्या वडिलांनी माळवद उतरवून पत्रे चढवले. भूकंपाची भीती गेली. आप्पांची सुरू झाली.

पुढची पन्हाळ सोपी आहे. खरं दुखणं मागची. माझी भिंत आणि शेजारच्या काकूंची भिंत यांच्यात जेमतेम दीड हाताची बोळ. तिथं शिडी तिरपी लागत नाही आणि उभी टिकत नाही. वर कडुलिंब. वर्षभराचा पाला, लिंबोळ्या, पोरांचा चेंडू आणि एक पिंपळाचं रोप एवढा ऐवज त्या पन्हाळीत सुखानं नांदतो. पत्र्यावरून जायचं तर खिळ्यांची ओळ धरून, खालच्या पाइपावरच पाय देत जायचं. इकडे तिकडे पडला की थेट स्वयंपाकघरात.

यावर आप्पांनी यंत्र काढलं. लांब वेळू, टोकाला तारेनं बांधलेली जुनी पळी आणि तिच्या वर दाढीचा आरसा. म्हणजे खालूनच पन्हाळीतलं दिसावं आणि खालूनच उकरावं. पहिल्या वर्षी आरशात त्यांना फक्त सूर्य दिसला. दुसऱ्या वर्षी पळी आत राहिली. ती काढायला मीच वर गेलो, आणि आप्पा खालून म्हणाले, "पाहा, यंत्र नसतं तर तुम्ही तिथवर गेलाच नसता."

एकदा त्यांनी अंगणात काडीनं हिशेब मांडला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. तुमचा पत्रा पन्नास चौरस मीटर. तासात वीस मिलिमीटर पडला तर हजार लिटर. एक क्यूसेक म्हणजे सेकंदाला अठ्ठावीस लिटर. तेव्हा तुमच्या पन्हाळीचा विसर्ग 0.01 क्यूसेक! हा आकडा त्यांनी गावभर केला. किराणा दुकानात मला विचारतात, "काय गुरुजी, शून्य दशांश शून्य एक ना?"

आणि विसर्गाआधी इशारा हवाच. मी वर बादली उचलली की आप्पा बोळीच्या तोंडाशी उभे राहून हाळी देतात, "खालच्या भागातील नागरिकांनी सतर्क राहावे!" खालच्या भागात काकू, त्यांच्या खाटेवरच्या कुरडया आणि तीन कोंबड्या. कोंबड्या खरोखर सतर्क होतात.

गेल्या वर्षी मात्र माझा तोल सुटला. भर उन्हात पत्र्यावर पाय भाजत होते आणि खालून विसर्ग, विसर्ग. मी ओरडलो, "आप्पा, धरणाचे दरवाजेही असेच खालून ओरडून उघडायचात का?"

खालून काहीच आलं नाही. मी उतरलो तर आप्पा ओट्यावर बसलेले. चहा अर्धा झाल्यावर म्हणाले, "दरवाजा कुठला हो गुरुजी. मी फोनपाशी. येलदरीहून आकडा यायचा, तो मी वहीत लिहायचा, पुढं कळवायचा. सारी नोकरी पाणी सोडलं ते कागदावर. उंचावर चक्कर येते मला."

एवढं बोलून त्यांनी बशी पालथी घातली, आणि माणूस गप्प झाला. आप्पा गप्प असले की पन्हाळ तुंबल्यापेक्षा वाईट वाटतं, हे मला तेव्हा कळलं. माझी इच्छा नसताना कळलं.

यंदा मी मागची पन्हाळ साफ केली, पण तोंडाशी पाल्याचा एक बोळा मुद्दाम ठेवला. वरून चार बादल्या ओतल्या, खाली आलो आणि वेळू आप्पांच्या हातात दिला.

"हे काय?"

"दरवाजा तुम्ही उघडा."

आप्पांनी चपला काढल्या. घड्याळ पाहिलं. काकूंना सतर्क केलं. मग वेळू वर नेऊन असा हिसका दिला की काळं पाणी, लिंबोळ्या, गेल्या सालचा चेंडू सगळं त्यांच्या सदऱ्यावर आलं. ते हलले नाहीत. धार संपेपर्यंत तसेच उभे राहिले, तोंड वर करून.

मग ओल्या हातानं खिशातली वही काढली आणि लिहिलं: पन्हाळ क्र. 2. विसर्ग 0.01 क्यूसेक. दरवाजा उघडणार: स्वतः.

आकडा साफ चुकला होता. मी खाली सही केली.